शेऱ्याचा रकाना

व्हॅनकाकांच्या रेडिओवरची निळी पट्टी मी वाचली आणि पुन्हा वाचली, कारण पट्टीवर आईचं वाक्य होतं. आईचा आवाज नव्हे, वाक्य. गाणं भलत्याच कुणाचं तरी चाललं होतं, गिटार वाजत होती, आणि खाली, एरवी जिथं गायकाचं नाव येतं तिथं, अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत होती: हे सलग दोन दिवस लावू नये, डोकं उठतं. 'डोकं उठतं' असं आमच्या घरात फक्त आई म्हणते. मिक्सरला म्हणते, मोठ्या मावशीच्या फोनला म्हणते, मला तर दिवसातून दोनदा. व्हॅनमध्ये पुढची सीट माझी असते, भांडून मिळवलेली, त्यामुळे ती पट्टी माझ्या नाकासमोर होती आणि मागच्या सात जणांना दिसत नव्हती. काकांनी मात्र वाचलं. "आज रेडिओ खरं बोलायला लागला वाटतं," असं म्हणून ते गडगडून हसले आणि सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या गाडीकडे बघू लागले, तर त्या गाडीतला माणूसही आपल्या रेडिओकडे वाकून बघत होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे आमच्या व्हॅनमध्ये नाही, सगळ्या शहरात चाललंय. माझी आई सगळ्या शहरभर सरकत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं, आणि ते केलं होतं मी.

काल दुपारी मी केलं होतं. शाळा सुटल्यावर मी आईच्या रेडिओ केंद्रावर जाते, कारण घरी कुणी नसतं. तिसरा मजला, भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, त्यामुळे तिथं शिंकलं तरी शिंक दुसऱ्याचीच वाटते. आई गाण्यांचं दप्तर सांभाळते. अकरा वर्षं ती एका बिनखिडकीच्या खोलीत बसून प्रत्येक गाणं ऐकते आणि त्याची माहिती रकान्यांत भरते, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. पलीकडच्या यंत्रांच्या खोलीत इंजिनिअरकाका असतात. ते केंद्रावरचे सगळ्यात जुने, खिशाला कायम टेस्टर लावलेला, आणि कुठलंही यंत्र बिघडलं की आधी त्याला दोन शिव्या देऊन मग हात लावणारे. काल ते वैतागले होते, कारण महिनाभर गाड्यांच्या पट्टीवर गायकाच्या जागी ध्वनिमुद्रण कंपनीचं नाव येत होतं आणि ऐकणारे फोन करकरून हैराण करत होते. त्यांनी मला समजावलं. "हे बघ, गाणं बदललं की सॉफ्टवेअर एक ओळ सोडतं. ती जाते त्या डब्यात." डबा म्हणजे कपाटातली एक काळी चपटी पेटी, तिला एक हिरवा दिवा, बाकी काही नाही. "डबा ती ओळ गाण्याच्या पोटात अशी सारतो की कानाला पत्ता लागत नाही, पण गाडीतल्या रेडिओला वाचता येते." मी म्हटलं, म्हणजे गाण्याच्या आत चिठ्ठी. "चिठ्ठीच. पण चौसष्ट अक्षरांची. पासष्टावं आलं की कात्री. आणि लिपी इंग्रजी, आपली अक्षरं या शहाण्याला येत नाहीत." मग मी म्हटलं, मी करू का दुरुस्त?

मला हे म्हणवलं, यातच सगळं आलं. वर्षभरापूर्वी मी असं म्हणालेच नसते, मी दाराशी उभी राहून दप्तराचा पट्टा चावला असता. पण या सहा महिन्यांत मला एक शोध लागलाय, की मला येतं. शाळेतले बंद पडलेले कॉम्प्युटर मला उघडता येतात, बाबांचा फोन मी सुधारला, आणि एकदा असं झालं की मग थांबवत नाही, प्रत्येक बंद गोष्टीकडे बघून हात शिवशिवतात. काका म्हणाले, "मोडशील." मी म्हटलं, "मोडलेलंच आहे की." त्यावर ते हसले आणि खुर्ची दिली. ओळ कशी बनते त्याची एक चौकट होती, आणि तीत रकान्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. गायकाच्या जागी चार लिहिलं होतं, म्हणून कंपनी येत होती. मी एक गाणं उघडलं, कुठलंही, पहिलं दिसलं ते, आणि एकेक आकडा घालून बघत गेले. नऊवर गायिकेचं नाव आलं. स्वच्छ, शुद्ध, पूर्ण. मी चार खोडून नऊ केलं, काकांनी टेबलावरच्या छोट्या रेडिओत बघितलं, तिथं ते नाव उगवलं, आणि काका म्हणाले, "शाब्बास, वाघीण! उद्या सकाळपासून हेच चालू करतो." मी घरी गेले ती उड्या मारतच. एकच गाणं तपासलं होतं मी. आज व्हॅनमध्ये, सिग्नल सुटायच्या आत, मला लख्ख उमगलं की नववा रकाना गायकाचा नव्हताच. तो शेऱ्याचा होता. त्या एका गाण्यावर कंपनीनं छापलेलं नाव चुकीचं असणार, जे मी भलतंच म्हणून ओलांडून गेले, आणि आईनं खरं नाव शेऱ्यात लिहून ठेवलेलं असणार, ती असंच करते. शेरा कुणीच वाचत नाही, असं तिनंच मला सांगितलं होतं. अकरा वर्षं तो रकाना फक्त तिचा होता.

आणि आता व्हॅनकाकांनी आवाज वाढवला होता, ऐकण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी. पुढचं गाणं लागलं: गायक बरा, माणूस आगाऊ, स्टुडिओत चपला विसरून गेला. त्याच्या पुढचं: शेवटी शिट्टी आहे, कापू नये, तेवढीच चांगली आहे. काका स्टिअरिंगवर थाप मारून हसले. मीही हसले असते, हसू आलंच होतं घशापर्यंत, पण मला एकीकडे घाम फुटला होता आणि दुसरीकडे वाटत होतं, ही बाई कोण? घरी आई अशी नाही. घरी ती कमी बोलते, जेवताना बाबांना फक्त 'वाढू का' विचारते, कुणी विनोद केला तर उशिरा हसते, सगळे हसून झाल्यावर. आणि इथं बिनखिडकीच्या खोलीत बसून ती एवढी वात्रट, एवढी मजेदार होती, आणि ते सगळं तिनं एका रकान्यात कोंबून ठेवलं होतं. मला तिचा राग आला. शेजारच्या घरात आपलीच खेळणी सापडावीत तसं झालं. शाळेचा कोपरा दिसू लागला तेव्हा एक जुनं गाणं लागलं, खूप माणसं मिळून गाणारं, आणि पट्टी सरकली: कोरसमध्ये मागून तिसरा आवाज माझा. यानंतर गाणं सोडलं कारण. आणि संपली. चौसष्ट झाली होती. पट्टी पुन्हा सुरुवातीपासून आली, पुन्हा 'कारण'वर संपली, पुन्हा आली. "काका, जरा थांबा ना." "अगं, घंटा होईल तुझी." मी दार उघडून एक पाय खाली ठेवून तशीच अर्धवट उभी राहिले, जणू काही मी डोळे वटारून बघितलं तर डब्याला लाज वाटेल आणि तो पुढचा शब्द देईल. मागच्या मुली ओरडायला लागल्या, ए उतर की, चिकटलीस काय.

कारण काय, हे मला तर पाठ होतं. कारण मी. मोठी मावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहते आणि ही गोष्ट तिनं मला इतक्यांदा सांगितलीय की मला स्वतःलाच आठवतं असं वाटतं: आई कशी गायची, तिला कसं बोलावणं यायचं, आणि मग मी झाले, रडकी, रात्रंदिवस कडेवर, आणि आईनं एका शब्दाची तक्रार न करता गाणं सोडलं. "तुझ्यापायी सोडलंन् हो तिनं," मावशी म्हणते आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवते, म्हणजे मारतही नाही आणि सोडतही नाही. तेव्हा आई तिथंच असते, भाजी निवडत वगैरे, आणि काही म्हणत नाही. मी नऊ वर्षांची झाले तेव्हा मावशीनंच मला गाण्याच्या बाईंकडे नेलं, आईचं राहिलेलं आता तू पुरं कर म्हणून. सात वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सहा वाजता. माझा आवाज चांगला आहे, हे मी फुशारकीनं नाही सांगत, सगळेच सांगतात. पण आवाज चांगला असणं ही माझी गोष्टच नाही, नाक सरळ असावं तशी ती आहे. बाईंच्या जिन्यात पाय ठेवला की माझी जीभ जड होते. डोळे मिटून गायला सांगतात तेव्हा मी मिटल्या डोळ्यांनी मिनिटं मोजते. येत्या रविवारी मला पहिल्यांदा मोठ्या सभागृहात एकटीनं गायचंय, पत्रिका छापून झाल्यात, आणि पंधरा दिवस मी रोज सकाळी उठून आधी घसा दाबून बघते, की बसला का, निदान थोडासा. पण सोडायचं कसं? जिनं आईचं गाणं खाल्लं तिनं स्वतःचंही टाकून द्यायचं? म्हणून मी कुणाला काही म्हणाले नाही. बाकी सगळ्या बंद गोष्टी मी उघडल्या, ही एक तेवढी नाही.

शाळेत पहिला तास भूमितीचा होता. सरांनी वर्तुळ काढलं आणि माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला की तासाला सोळा गाणी, म्हणजे सोळा चिठ्ठ्या, दुपारपर्यंत ऐंशी. ऐंशी वेळा आईचं खासगी बोलणं अनोळखी माणसांच्या डॅशबोर्डवर. न्हाव्याच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गाडीत, दवाखान्यासमोर, कुणी शिकाऊ ड्रायव्हर ते वाचून चुकीच्या बाजूला वळणार. केंद्रावर मात्र कुणाला पत्ता नसणार, कारण तिथं सगळे कानानंच ऐकतात, पट्टी बघायला गाडीत बसावं लागतं, इंजिनिअरकाकांचा छोटा रेडिओ तर एरवी बंदच असतो. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या कार्यालयापर्यंत गेले. फोन त्या खिडकीत होता, क्लार्कबाई सफरचंद कापत होत्या. "काय गं?" त्या म्हणाल्या. "काही नाही," मी म्हणाले. आणि परत आले. भीती वाटली म्हणून, हे खरं, पण पूर्ण खरं नाही. मी फोन केला असता तर पाच मिनिटांत ते बंद झालं असतं, आईनं शेरे झाकून घेतले असते, आणि तो पुढचा शब्द कायमचा आत गेला असता. मला तो हवा होता. 'मुलगी झाली म्हणून' हे मला माहीत होतं, ते मी सात वर्षं गिळत होते, पण तिच्या शब्दांत, तिच्या हातचं वाचायचं होतं. दुखरा दात जिभेनं ढकलत राहावा तसं. पाचव्या तासाला बाईंनी मला उभं करून काहीतरी विचारलं आणि मी म्हणाले, "कारण," आणि पुढं काहीच म्हणाले नाही. वर्ग हसला. मी बसले.

शाळा सुटली तेव्हा मी व्हॅनमध्ये न बसता केंद्रापर्यंत पळत गेले. यंत्रांच्या खोलीत इंजिनिअरकाका डब्यासमोर हाताची घडी घालून बसले होते, आजाऱ्याजवळ बसावं तसे. हिरवा दिवा चालू होता, पण टेबलावरच्या छोट्या रेडिओत नुसतं केंद्राचं नाव होतं. "ओळ तोडलीय," ते म्हणाले. "बारा वाजता. मॅडम गाडीत होत्या, त्यांनी वाचलं." मॅडम म्हणजे केंद्रप्रमुख. "काय वाचलं?" काकांनी खिशातून कागद काढला, चष्मा वर केला आणि बातमी वाचावी तसं वाचलं: "मॅडमना आवडतं म्हणून ठेवलंय, नाहीतर कधीच फेकलं असतं." मी कपाळावर हात मारला. काकांचे खांदे हलत होते, पण तोंड गंभीर ठेवायचा त्यांचा निकराचा प्रयत्न चालला होता. "सगळं शहर वाचून बसलंय. चाळीस फोन आले. निम्मे विचारतायत, हे रोज असणार का." मी विचारलं, "तुम्ही मॅडमना सांगितलंत? मी केलं ते?" "मी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुझी आई मध्ये पडली, म्हणाली, माझ्या हातून झालं. वर माझ्यावर डोळे वटारलेन्. मॅडमनी लेखी मागितलंय तिच्याकडून. उद्यापासून तिला दप्तरातून काढतील म्हणे, फोन घ्यायला बसवतील." ते थांबले, मग हळूच म्हणाले, "खुर्ची मी दिली होती गं. चूक माझी."

आईच्या खोलीचं दार लोटलं. ती पाठमोरी बसली होती, पडद्यावर कोरं पान, आणि त्यावर एकच ओळ, 'सविनय'. पुढं काही सुचलेलं नव्हतं. मला पाहून तिनं खुर्ची फिरवली. "किती गाणी तपासलीस?" हा पहिला प्रश्न. "एक." "एक! अगं, नऊ हजार गाणी आहेत, आणि तू एक तपासून मोकळी झालीस? दहा तरी बघायचीस. दोन तरी!" तिला खरोखर त्याचाच राग आला होता, कामाचा राग, आणि ती रागावली असताना तिच्या चेहऱ्यावर ती शेऱ्यांमधली बाई होती. मी म्हटलं, "चुकलं." ती म्हणाली, "चुकलंच." मी विचार केला होता की आधी माफी मागेन, रडेन, मग कधीतरी विचारेन, पण तोंडातून थेट तेच आलं. "कारण काय?" "कशाचं?" "कोरसचं गाणं. मागून तिसरा आवाज. यानंतर गाणं सोडलं कारण. पुढचं कापलं गेलं." आईचा हात टेबलावर होता, तो तिनं उचलून मांडीवर ठेवला. मग ती पडद्याकडे वळली, शोधायच्या खिडकीत काही टाइप केलं, गाणं उघडलं, आणि पडदाच माझ्याकडे फिरवला. "वाच."

कोरसमध्ये मागून तिसरा आवाज माझा. यानंतर गाणं सोडलं कारण मनातून कधी आवडलंच नव्हतं. सगळे म्हणतात मुलीसाठी. म्हणू देत, बरं पडतं.

मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं होतं की मला रडू येईल, आणि त्याऐवजी मला अगदी हलकं वाटलं, आणि लगेच, त्याच क्षणी, फार अपमान झाल्यासारखं वाटलं. मी कारण नव्हतेच. सात वर्षं मी ज्या खुर्चीत अवघडून बसले होते ती माझ्यासाठी मांडलेलीच नव्हती. "मावशी म्हणते," मी सुरू केलं. "मावशी रोज विचारायची," आई म्हणाली. "सोडलंस का, सोडलंस का. तिनं स्वतः मला शिकवलं होतं, हाताला धरून. मला आवडत नाही असं तिला कसं सांगणार? तू दीड महिन्याची होतीस. तुला मांडीवर घेतलं की तिचा प्रश्न बंद व्हायचा. एकदा बंद झाला, दोनदा झाला, मग तेच खरं झालं." ती हे काही लपवून नव्हती सांगत, उलट पटपट सांगत होती, दार उघडल्यासारखी. "आणि मला बाईंकडे घातलं तेव्हा?" "तेव्हा नको म्हणाले असते, तर का नको, ते सांगावं लागलं असतं." "म्हणून मी सात वर्षं गायले?" "मला वाटलं, तुला आवडतं. तू कधी तोंडातून नाही काढलंस." "तुझ्यासाठी जात होते मी! मला वाटायचं, तुझं मी घेतलंय, ते परत करायचंय!" माझा आवाज चढला, आणि त्या गालिच्यांनी तो तिथल्या तिथं गिळला. आईच्या तोंडाचा कोपरा हलला. ती हसणार होती. मला दिसलं की ती आता हसणार, आणि मी म्हणाले, "हसू नकोस." ती हसली नाही. तिनं तोंडावर हात ठेवला, आणि हाताच्या वर तिचे डोळे भरून आले, तरी त्यांत हसू होतंच, दोन्ही एकदम, आणि मी तिच्यावर नीट चिडूही शकेना.

"मॅडमना काय सांगितलंस?" मी विचारलं. "सांगितलं की रकाना मी बदलला. तू लहान आहेस, तुला पुन्हा इथं पाऊल ठेवू द्यायच्या नाहीत त्या. काकांचं शेवटचं वर्ष आहे. मला काय, फोन तर फोन." ती हे सहज म्हणाली, भाजी निवडताना म्हणते तसं, आणि मला एकदम तिची ती गप्प मान दिसली, मावशीसमोरची. ही तीच मान. तेव्हा ती माझ्याआड लपली होती आणि आता मला स्वतःच्या आड लपवत होती, आणि दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या पायांना आधी कळलं. मी दार उघडलं. "कुठं निघालीस?" आई उठली. "ए, थांब. अगं, मी लेखी देतेय ना!" मी थांबले नाही. लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना लाल दिव्यांच्या खोल्या, मागून आईच्या चपलांचा आवाज, आणि यंत्रांच्या खोलीच्या दारात इंजिनिअरकाका, त्यांनी भिंतीला चिकटून मला वाट दिली.

मॅडमच्या दारावर मी टकटक केलं आणि 'या' म्हणायच्या आत आत गेले. त्या जेवत होत्या. समोर जेवणाचा डबा, हातात चमचा. "तू हिची मुलगी ना?" त्या म्हणाल्या. "हो. ते मी केलं. रकाना मी बदलला, चारच्या जागी नऊ. एकच गाणं तपासलं. आईला काही माहीत नव्हतं, ती खोटं बोलली, आणि काकांनी नुसती खुर्ची दिली होती." एवढं एका श्वासात झालं. मॅडमनी चमचा खाली ठेवला. त्या माझ्या मागे बघत होत्या, दाराशी, म्हणजे आई येऊन पोचली होती. मी वळले नाही. "बरं," मॅडम म्हणाल्या, "आणखी काही?"

"मी गाण्याचा क्लास सोडतेय. रविवारी गाणार नाही."

मॅडमनी डोळे बारीक केले. "कुठला क्लास? हे मला कशाला सांगतेस?"

"सात वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "तुम्ही पहिल्या." आणि मागे आईनं श्वास आत घेतलेला मला ऐकू आला, बोलायच्या आधी घेतात तसा.